एक नंबरचा दगड

टबात पहिलं लेबल वर आलं तेव्हा मला वाटलं, झेंडूची पाकळी असेल. खंडेनवमीची सकाळ होती, पूजेची परडी शेजारीच ठेवली होती. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि बघता बघता पंधरा-वीस चिठ्ठ्या पाण्यावर पसरल्या. शाई सुटून पाणी नीळ घातल्यासारखं दिसायला लागलं. एका चिठ्ठीवर 'फेल्डस्पार'मधलं नुसतं 'फेल्ड' उरलं होतं. दुसरीवर तेवढंही नव्हतं.

तळाशी दगड पडले होते. स्वच्छ, लखलखीत आणि बिननावाचे.

"बाप्पा!" रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तुळशीराम दारात उभा होता. "बाई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"हत्यारांना आंघोळ घालतेय."

"आंघोळ मी पण घातली ना! तराजूले वल्लं बोट लावलं, कुंकू लावलं, झालं. बुडवाले कोनं सांगितलं होतं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला सहा वर्षं झाली होती. दर खंडेनवमीला मी दगड ओल्या फडक्याने पुसून त्यांना हळदकुंकू वाहत असे. ज्यावर आपलं पोट, ते आपलं हत्यार. पण त्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार होती आणि मला दगड चमकायला हवे होते.

समितीची गोष्ट सांगायला हवी. आधी ह्या जागेवर आमचे हे होते. ते गेल्यावर प्राचार्यांनी मला हंगामी म्हणून ठेवून घेतलं. दर सहा महिन्यांनी नवं पत्र. घरात सासूबाई आणि मी. भूशास्त्राला मुलं अकरा. प्राचार्य म्हणाले होते, "यमुनाबाई, अकरा मुलांच्या विभागाला परिचर कशाला, असं समितीने विचारलं तर मी काय सांगू? ते ठेवा म्हणाले तर तुम्ही कायम. नको म्हणाले तर पद रद्द." आणि विभागाचे घटाटे सर म्हणाले होते, "दगड नीट मांडून ठेवा, बाकी मी बघतो." किल्ली माझ्या हातात देऊन ते दसऱ्यासाठी बहिणीकडे अमरावतीला गेले. समिती एकादशीला येणार होती आणि सर स्टेशनवरून तिच्याबरोबरच येणार होते.

म्हणजे माझ्या हातात उरलेली नवमी आणि अख्खा दसरा होता.

तुळशीराम टबावर वाकून मोजत होता. "किती होते?"

"अडतीस. पानांचे ठसे असलेले दोन मी नाही बुडवले. ते तसबिरीसारखे असतात, तसबिरीला कोणी आंघोळ घालतं का?"

"सदतीसच भरून राहिले."

मी पुन्हा मोजले. सदतीस. टबाच्या तळाशी हात फिरवला, मग ओलं बोट सहज ओठाला लागलं. पाणी खारट होतं.

"तुळशीरामभाऊ," मी म्हटलं, "हॅलाइट विरघळलं."

"म्हंजे?"

"मीठ. खनिज मीठ होतं ते."

तुळशीरामने डोक्याला हात लावला. मग खांदे हलायला लागले. मेला हसत होता. "मीठ धुतलं! बाई, तुमी मीठ धुतलं! कमेटीले सांगा, उंदरानं खाल्लं म्हना."

"खोटं नाही बोलायचं."

"एवढंसं तं आहे!"

"माझा चातुर्मासाचा नेम आहे."

हा नेम माझ्या चांगलाच अंगाशी आला होता. दर चातुर्मासात मी वांगं सोडायची. त्या वर्षी देवळात कीर्तनकार बुवा म्हणाले, "वांगं सोडून काय मोठं करता? ते तुम्हाला कुठे आवडतं? खोटं सोडा." सगळ्या बायका हसल्या आणि मी घरी येऊन देवापुढे पाणी सोडलं. त्यानंतर सासूबाई रोज विचारायच्या, "आजची भाजी कशी झाली गं माझी?" त्यांना नेम ठाऊक होता ना. मला सांगावं लागायचं, खारट झाली, आणि त्या समाधानाने दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

हॅलाइटचं तर लगेच निभलं. नवरात्राचा उपास होता, माझ्या फराळाच्या डब्यात शेंदेलोणाचा लिंबाएवढा खडा होता. हॅलाइट म्हणजेच शेंदेलोण. मी तो खडा खोक्यात ठेवला आणि चिठ्ठी लिहिली: 'हॅलाइट. जुना धुण्यात गेला. हा घरचा.'

"आता उपासाले काय खासान?" तुळशीरामने विचारलं.

"अळणी."

राहिले सदतीस. सरांच्या कपाटात नोंदवही होती. एक ते चाळीस आकडे, प्रत्येकापुढे नाव, कुठे सापडला ते गाव आणि साल. नावं होती, दगड होते. कोणतं नाव कोणाचं, तेवढंच नव्हतं.

मी नववी पास. पण सहा वर्षं दर जूनमध्ये सर वर्गात पहिले आठ-दहा तास जे शिकवायचे ते मी दाराशी स्टुलावर बसून ऐकत आले होते. सर सोपं सांगायचे. "खनिज म्हणजे नुसता तीळ किंवा नुसता गूळ. खडक म्हणजे लाडू. लाडू फोडा, आत काय काय आहे बघा." कोळशाच्या खाणीतला थराथरांचा दगड हातात घेऊन म्हणायचे, "दुरडीतल्या भाकरी बघितल्यात ना? सगळ्यात खालची आधी भाजलेली, वरची शेवटची. थरांचंही तसंच. फक्त कोणी दुरडी पालथी घातली नाही ना, ते आधी बघायचं." आणि दगड ओळखताना एकच सांगायचे, "दगडाला विचारा. तो नाव लपवत नाही."

मला चिडवायचे मात्र फार. मी सकाळी आले की विचारायचे, "काय यमुनाबाई, झाली घरच्या दगडांची पूजा? आता आमच्या दगडांना पुसा." मी म्हणायची, "हो सर. घरचे निदान तक्रार करत नाहीत." ते मोठ्याने हसायचे. मी हळू बोलते म्हणून माझं बोलणं लोकांना उशिरा ऐकू येतं आणि त्याहून उशिरा कळतं.

तर मी दगडांना विचारायला बसले. जमिनीवर धोतराचं जुनं पान अंथरलं आणि धान्य निवडावं तसे ढीग केले. नखाने ओरखडा उठला ते एकीकडे: टाल्क हाताला साबणासारखा लागतो, जिप्सम नाही लागत. नख लागत नाही पण तांब्याचा पैसा किंवा खिळा लागतो ते दुसरीकडे. आणि ज्याच्यावर खिळाच झिजतो ते तिसरीकडे. मग ओबडधोबड पांढऱ्या फरशीवर रेघा ओढल्या. हेमटाइट दिसतो काळपट, पण रेघ कुंकवासारखी उठते. मॅग्नेटाइटने माझी साडीची पिन ओढून घेतली. पायराइट सोन्यासारखा चमकतो आणि रेघ काळी काढतो. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून देतात, त्यापेक्षा हा जास्त सोन्यासारखा आणि जास्त लबाड. गॅलेना हातात घेतला की मनगट खाली जातं, त्याला विचारायचीही गरज नव्हती. लाडू तर मी पुसून पुसून ओळखत होते. ग्रॅनाइटमधले तीन रंगांचे दाणे, वाळूच्या दगडाचा खरखरीतपणा, आपल्या काळ्या बेसाल्टमधल्या पांढऱ्या पुळ्या.

दसऱ्याच्या दुपारपर्यंत सगळी नावं लागली. एक दगड उरला आणि एक नाव उरलं.

नाव होतं नोंदवहीच्या पहिल्याच ओळीत. सरांचं तरुणपणीचं अक्षर, वळणदार: 'एक. क्वार्ट्झ. अच्युत घटाटे. १९६१.' आणि दगड म्हणजे पांढऱ्या टोकदार सुळ्यांचा झुपका. तो सगळं कॉलेज ओळखत होतं. सरांना विद्यार्थी असताना सापडलेला पहिला दगड. दर जूनमध्ये पहिल्या तासाला तो सगळ्या वर्गातून हातोहात फिरायचा.

त्याला काय विचारायचं? मी चिठ्ठीवर 'क्वार्ट्झ' लिहायला पेन उचललं. पण बाकी छत्तीसांना विचारलं आणि ह्या एकालाच सोडलं, तर पंगतीत भेद केल्यासारखं वाटलं. म्हणून सहज खिळा ओढला.

ओरखडा उठला.

क्वार्ट्झवर खिळ्याचा ओरखडा उठत नाही. क्वार्ट्झ काच कापतो. मी खालच्या बाजूला पुन्हा ओढून पाहिलं, पांढरी पूड निघाली. ॲसिडचं कपाट तुळशीरामच्या किल्लीत होतं, म्हणून घरून लिंबू आणलं आणि त्या पुडीवर पिळलं. बारीक बारीक बुडबुडे आले, चुन्याच्या दगडावर येतात तसे.

तुळशीराम सोनं द्यायला आला तेव्हा मी त्या दगडासमोर बसलेली होते.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. काय झालं वो? सुतक आल्यासारख्या बसल्या!"

"हा क्वार्ट्झ नाही. कॅल्साइट आहे."

"मंग?"

"सरांनी क्वार्ट्झ लिहिलंय."

"मंग क्वार्ट्झच लिहा ना! सर मोठे का खिळा मोठा?"

"सर मोठे."

"झालं तं मंग!"

"पण खिळा खोटं बोलत नाही."

तुळशीराम समोर बसला. लहान मुलीला सांगावं तसं सांगायला लागला, "हे पाहा बाई. उद्या कमेटी येते. तुमची नोकरी ठरते. ठेवा म्हननार कोन? सर. त्याच सरांच्या पयल्या दगडाले, कमेटीच्या समोर, तुमी खोटा ठरवनार? नववी पास बाई?"

"मी कुठे ठरवते? दगडच..."

"दगडाले पगार नाही लागत."

ते खरंच होतं, आणि माझा खऱ्याचाच नेम होता.

घरी जाऊन तुळशीला प्रदक्षिणा घालताना मी सगळ्या पळवाटा काढून पाहिल्या. दगड कपाटात ठेवून द्यावा. न सांगणं म्हणजे खोटं नव्हे. पण एक नंबरचं खोकं रिकामं दिसलं असतं आणि कोणी विचारलंच असतं. चिठ्ठी कोरी ठेवावी? मग मी नीट मांडलं नाही, असं झालं असतं. नुसता आकडा लिहावा? प्रदक्षिणा एकवीस घालायच्या होत्या, माझ्या बहुधा तीसेक झाल्या. पळवाट एकही धड निघाली नाही. शेवटी चिठ्ठीवर 'कॅल्साइट' लिहिलं. अक्षर इतकं बारीक आलं की चष्मा लावल्याशिवाय दिसू नये. तेवढी लबाडी देवाने पोटात घातली असेल.

एकादशीला अकरा वाजता समिती आली. समिती म्हणजे दोघे. एक कारकून, तो प्राचार्यांच्या खोलीत कागद बघायला थांबला. दुसरे डॉ. उमाठे, अध्यक्ष. सर त्यांना घेऊन आत आले. मी दारातच सरांना गाठलं. "सर, एक सांगायचं होतं..."

"नंतर, यमुनाबाई. हा उमाठे. माझ्या पहिल्या तुकडीतला. आता मोठा माणूस झालाय, माझाच हिशेब तपासायला आलाय."

उमाठे हसले. सरांच्या पाया पडले, मग सगळ्या टेबलांवरून हात फिरवत चालू लागले. "सर, अजून तेच स्टूल! तीच फरशी!" शेंदेलोणाच्या खोक्याशी थांबले, चिठ्ठी वाचली. "'जुना धुण्यात गेला. हा घरचा'? हे काय?"

सर माझ्याकडे बघायला लागले.

"मी दगड धुतले," मी म्हटलं. "खंडेनवमीला. लेबलं निघाली. मीठ विरघळलं. मग मी सगळी पुन्हा लावली."

"कशावरून लावलीत?" उमाठ्यांनी विचारलं.

"विचारून."

"कोणाला?"

"दगडांना."

उमाठ्यांनी भुवया उंचावल्या. सरांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, ते संतापले. उमाठे एकेक खोकं बघत पुढे सरकले, हेमटाइट, गॅलेना, आणि शेवटी भिंतीजवळच्या मानाच्या जागी आले. "अरे वा! एक नंबर! सरांचा क्वार्ट्झ!" म्हणत त्यांनी तो उचलला. खिशातून चष्मा काढला. चिठ्ठी वाचली.

मी हळूच मनात नामस्मरण सुरू केलं.

"सर, इथे कॅल्साइट लिहिलंय."

"असं?" सर म्हणाले.

उमाठ्यांनी दगड खिडकीशी नेला, उजेडात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग त्यांचा आवाज एकदम विद्यार्थ्यासारखा झाला. "सर... कॅल्साइटच आहे की हो हा!"

"मग तसं लिहिलंय त्यात चुकलं काय?"

"पण तुम्ही आम्हाला क्वार्ट्झ म्हणून शिकवला!"

"मी?" सर शांतपणे स्टुलावर बसले. "मी हातात द्यायचो आणि म्हणायचो, लेबल वाचा. तुम्ही वाचायचात."

मी आठवून पाहिलं. सहा वर्षांत सरांच्या तोंडून त्या दगडाचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"लेबल तुमच्या अक्षरात होतं," उमाठे म्हणाले.

"एकोणीस वर्षांचा होतो. सापडला तेव्हा मला क्वार्ट्झच वाटला. दोन वर्षं गावभर दाखवत फिरलो. मग एक दिवस दप्तरात खिळा लागला त्याला, आणि मला माझी अक्कल कळली. लेबल मुद्दाम तसंच ठेवलं. म्हटलं, बघू कोण खिळा मारतं. उमाठे, तुला परीक्षेत ह्या दगडाला किती गुण दिले होते, आठवतंय?"

"दहापैकी पाच!" उमाठे उसळले. "सगळ्यांना पाच! आम्ही तुम्हाला चिक्कू म्हणायचो."

"आणि का पाच, ते विचारायला एक तरी आला?"

उमाठ्यांनी दगड जपून खोक्यात परत ठेवला.

"तेवीस वर्षं वाट बघतोय मी. कुणी विचारलं नाही, कुणी खिळा ओढला नाही. सर म्हणाले की झालं. देवावर नाही बसत तेवढा विश्वास लोकांचा लेबलावर बसतो." मग ते माझ्याकडे वळले. "आणि शेवटी खिळा कोणी मारला, तर दिवसातून दोनदा दगडाला हात जोडणाऱ्या बाईने."

मी म्हटलं, "हात जोडतेच की सर. पण हात जोडताना डोळे उघडे असतात माझे."

हे मी बहुधा फार हळू बोलले, कारण उमाठे आधी नुसतेच बघत राहिले आणि मग खो-खो हसले.

हसणं थांबल्यावर त्यांनी बॅगेतून छापील कागद काढला. "सर, आता हे परिचराचं पद. कागदावर अकरा विद्यार्थी दिसतात. प्राचार्य म्हणतात, तुम्ही सांगाल तसं."

"मी काही सांगणार नाही," सर म्हणाले. "मी सांगितलं की तू लिहिशील, तुझी जुनी खोड आहे ती. बाई समोर उभ्या आहेत. तपासून बघ."

उमाठ्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं. सहा वर्षांत टेबलाच्या त्या बाजूला मी प्रथमच बसले. त्यांनी खोक्यातून एक दगड काढून समोर ठेवला. मी नख ओढलं. "जिप्सम."

दुसरा ठेवला. हा ठसा असलेला. "हे झाडाचं पान," मी म्हटलं. "कोळशाच्या थरातलं. चिखलात पडलं, वर चिखल बसला, चिखलाचा दगड झाला. पान गेलं, त्याच्या शिरा राहिल्या."

"किती जुनं?"

"आकडा सर सांगतात, पण तो मला लक्षात ठेवता येत नाही. माझ्या सगळ्या देवांच्या आधीचं, एवढं कळतं."

सर खोकले.

मग उमाठ्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेला एक दगड काढून माझ्यापुढे ठेवला. हिरवट, जड, मध्ये गंजासारखी शीर. मी नख ओढलं, पैसा ओढला, खिळा ओढला. फरशीवर रेघ काढली, ती राखाडी आली. पिनेजवळ नेला. जिभेला लावून पाहिला. उजेडात धरला. बाहेर व्हरांड्यात तुळशीराम उगाच झाडत होता, एकाच जागी.

काहीतरी नाव सांगून टाकावं, असं एकदा वाटलं. मला सगळी चाळीस नावं पाठ होती, त्यातलं एखादं लागूही पडलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

उमाठ्यांनी पेनाचं टोपण उघडलं, कागदावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि कागद उलटा करून ठेवला. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले.

"बसा, बसा," ते म्हणाले. "मलाही माहीत नाही. तीन महिने झाले खिशात घेऊन फिरतोय. विभागात सहा जणांना दाखवला, सहा नावं मिळाली. एकही जण माहीत नाही म्हणाला नाही." मग सरांकडे बघून म्हणाले, "खरं तर तुम्हालाच विचारायला आणला होता, सर."

सरांनी दगड हातात घेतला, तोलला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "अंहं," ते म्हणाले. "नाही सांगता येत."

कागद टेबलावर उलटाच पडला होता. वाऱ्याने त्याचा कोपरा उचलला तेव्हा मला दोनच शब्द दिसले, 'पद आवश्यक', आणि मी पटकन नजर दुसरीकडे वळवली.

"यमुनाबाई," सर म्हणाले, "स्टूल जरा इकडे ओढा. असं लांबून नाही दिसायचं."

मी स्टूल ओढलं. तिघेही त्या हिरवट दगडावर वाकलो आणि सरांनी खिळा माझ्या हातात दिला.